विश्लेषण : डिकीत मावते तितके वजन गाडी पेलते का?

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातून मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या छोट्या गाड्या मागच्या बाजूने दबलेल्या दिसतात. आत पाच माणसे, डिकीत हापूसच्या पेट्या, तांदळाचे पोते, फणस आणि उरलेल्या फटीत कोकमाच्या बाटल्या. डिकीचे झाकण लागले म्हणजे सामान बसले, असा सर्वसाधारण समज असतो. पण जाहिरातीत डिकीचा आकार लिटरमध्ये सांगतात. गाडीची वजन पेलण्याची मर्यादा किलोमध्ये असते आणि ती क्वचितच कुणी पाहते.

मर्यादा कशी काढायची?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा : रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे कर्ब वेट आणि माणसे-सामानासह कमाल वजन म्हणजे ग्रॉस व्हेईकल वेट. दोन्हींची वजाबाकी केली की गाडी किती पेलू शकते ते कळते. समजा हे आकडे 910 आणि 1335 आहेत. उरले 425 किलो. प्रत्येकी 70 किलोची पाच माणसे बसली की 350 किलो तिथेच गेले. सामानासाठी राहिले 75.

आता पाच डझनांची हापूसची पेटी घ्या. एक फळ 250 ग्रॅमचे धरले तर नुसती फळेच 15 किलो. अशा चार पेट्या आणि 25 किलोचे तांदळाचे पोते मिळून 85 किलो. मर्यादा ओलांडली, आणि यात पेट्यांचे लाकूड धरलेलेच नाही. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल, तर सिलिंडरचे वजनही याच 425 मधून वजा होते.

वजन मागे गेल्याने काय बिघडते?

हॅचबॅकची डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते. त्यामुळे गाडीचा सी-सॉ होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 2450 मिलिमीटर असलेल्या गाडीत 100 किलो ओझे मागच्या चाकांच्या 600 मिलिमीटर मागे ठेवले, तर मागच्या चाकांवर सुमारे 124 किलो भार पडतो. वरचे 24 किलो पुढच्या चाकांवरून कमी होतात. बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनीच ओढल्या जातात, वळतात आणि मुख्यतः थांबतातही. ओल्या घाटात स्टिअरिंग हलके लागते ते यामुळे. नाक वर झाल्याने हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो.

खरा धोका कुणाला?

मागच्या सीटवर बसलेल्यांना, म्हणजे बहुतेक घरांत मुलांना आणि आजी-आजोबांना.

ताशी 50 किलोमीटर वेगातल्या 20 किलोच्या पेटीत जितकी ऊर्जा असते, तितकी ती सुमारे 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडली तर मिळेल. वेग 80 झाला की ही उंची 25 मीटरवर जाते. धडकेत गाडी थांबते, मोकळी पेटी थांबत नाही. तिच्या वाटेत असते फक्त सीटची पाठ. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 17 मधील चाचणीत, 50 च्या वेगाला, सीटच्या पाठीमागे प्रत्येकी 18 किलोचे दोन ठोकळे ठेवतात. म्हणजे एकूण 36 किलो. वरच्या उदाहरणातले सामान त्याच्या दुपटीहून अधिक आहे.

मग भरायचे कसे?

सर्वांत जड वस्तू तळाशी आणि सीटच्या पाठीला अगदी चिकटवून. मध्ये फट राहिली तर सामानाला वेग घ्यायला जागा मिळते. तांदळाचे पोते पुढच्या सीटमागे पायांच्या जागेत बसले तर उत्तमच, अर्थात मागे माणूस नसेल तर. सीटच्या पाठीपेक्षा उंच थर लावू नये. पार्सल ट्रे हा फळा नव्हे, त्यावर पाण्याची बाटलीही नको. मागे कुणी बसणार नसेल, तरी मागचे सीटबेल्ट लावून ठेवावेत. पाठीला तेवढाच आधार. डिकीत हुक असतील तर दोरी नव्हे, कसता येणारा पट्टा वापरावा. सीएनजी सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर किंवा पाइपवर काहीही टेकता कामा नये.

टपावरच्या कॅरिअरची मर्यादा वेगळी असते, पण ते वजनही एकूण बेरजेत येतेच.

निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा भरावी. पूर्ण भारासाठीचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो आणि मागच्या टायरसाठी तो अनेकदा जास्त असतो. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर 0 पासून सुरू होणारी छोटी चकती असते, ती हेडलाइटचा झोत खाली आणण्यासाठी. डिकी भरली की आकडा वाढवायचा. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावे. भरलेल्या गाडीचे ब्रेक लवकर तापतात. घरी पोहोचून सामान उतरवले की टायरची हवा आणि चकती, दोन्ही पुन्हा मूळ आकड्यावर आणावीत.