आकाशातील रहदारी

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा जिल्ह्यात, गिरड हे गाव आहे. शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे तेथील टेकडी प्रसिद्ध आहे. निरभ्र रात्री त्या टेकडीवरून वर पाहिले, तर ताऱ्यांमधून सरकणारा एखादा दिवा दिसतो. ते विमान असते. आकाशात ना रस्ता, ना कुंपण. मग समोरून येणारे दुसरे विमान वैमानिकाला कसे ओळखू येते?

१९४९ साली भारतात रात्रीची टपाल-विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरत. काळोखात दुसऱ्या विमानाची चाहूल लागे ती दिव्यांवरून. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा दिवा असतो. नुसता पांढरा दिसला, तर ते विमान पुढे चालले आहे. तांबडा व हिरवा दोन्ही दिसले, तर ते आपल्याच रोखाने येत आहे! अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावयाचे असते.

दिवसा मात्र डोळ्यांची खरी कसोटी लागते. काचेतून सरकत जाणारे विमान तितकेसे भयावह नसते. जे एकाच जागी चिकटल्यासारखे दिसते आणि हळूहळू मोठे होत जाते, त्याच्याशीच टक्कर व्हावयाची असते. आपली नजर हलत्या वस्तूकडे चटकन वळते, स्थिर ठिपक्याकडे वळत नाही. म्हणून वैमानिक आकाशाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येक भागावर क्षणभर दृष्टी स्थिर करतो.

परंतु समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांमधील अंतर मिनिटाला सुमारे ३० किलोमीटरने घटते. तेथे नुसती दृष्टी अपुरी पडते. यासाठी उंची वाटून दिलेल्या असतात : पूर्वेकडे जाणारे विमान ३५,००० फुटांवर असेल, तर पश्चिमेकडे जाणारे ३६,००० फुटांवर.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ हा नियम मोडला गेला. १५,००० फुटांवर थांबावयाचे कझाक विमान आणखी खाली उतरले व १४,००० फुटांवरील सौदी विमानावर आदळले. ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर भारतात मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. दोन विमानांतील ही यंत्रे बिनतारी संदेशांनी एकमेकांची उंची जाणून घेतात आणि धोका दिसताच एका वैमानिकाला ‘वर चढा’, तर दुसऱ्याला ‘खाली उतरा’ असे बजावतात. जमिनीवरून निराळी आज्ञा आली, तरी त्या क्षणी वैमानिकाने यंत्राचेच ऐकावयाचे असते.