पाऊस, माड आणि छत्री

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर. एवढ्या उंचीवर सह्याद्री आड येत नाही. अंगणातला माड मात्र येतो. केयू बँडच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, म्हणून मुसळधार सर त्यांना शोषते, विखुरते. डिजिटल चित्र अंधुक होत नाही. आधी चौकोन पडतात, मग थेट गायब. सर ओसरली की परत. उघडीप पडूनही पडदा काळाच असेल, तर आभाळाला बोल लावू नये. केबलच्या जोडात पाणी शिरलेले असते, किंवा हरमल-मोरजीच्या खाऱ्या वाऱ्याने गंजलेला नट सैल होऊन डिशची छत्री दोन अंश ढळलेली असते. घरगुती छत्रीचे चित्र जायला तेवढे पुरते. तिचा खांब कौलांवर नको, भिंतीत पक्का हवा.