मुळांना हवा, पानांना अंधार

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील लासूर स्टेशन आणि त्याभोवतीचा गंगापूर तालुक्याचा पट्टा ज्या काळ्या जमिनीवर कापूस आणि कांदा पिकवतो, तीच जमीन कुंडीत भरली की बहुधा निकामी ठरते. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट वर्गातील खनिजांचे चिकणकण मुबलक असतात, जे पाणी मिळताच फुगतात आणि वाळताना आकसतात. शेतात या आकसण्याने पडणाऱ्या भेगा जमिनीत हवा खेळवतात आणि जादा पाण्याला खोल जायला वाव असतो. कुंडीत मात्र मातीचा थर जेमतेम वीतभर असल्यामुळे तळाशी पाणी धरून राहते, मुळांचा श्वास कोंडतो आणि कोवळी रोपे बुडाशी सडून कोलमडतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीच्या पोकळ्यांत ओलावा आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, तीच कुंडीच्या मिश्रणाची खरी कसोटी आहे. खत किती काळेभोर आणि किती ‘ताकदीचे’ आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

कंपोस्ट खताच्या आधुनिक शास्त्राला कापसाच्या प्रदेशाचा मोठा हातभार लागला आहे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत विकसित केली आणि 1931 साली ती ग्रंथरूपाने मांडली. तेथे कापसाच्या टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या जात. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत रूढ केली, जी त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. भिंतीतील झरोके हे या टाक्याचे मर्म आहे, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंनाही हवा लागते.

पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र थोडे असते, म्हणून ती शेणाशी किंवा हिरव्या पाल्याशी मिसळून सुरुवातीचे कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30 च्या आसपास आणावे लागते. अर्धवट कुजलेले खत कुंडीत घातले तर कुजण्याचे उरलेले काम करणारे जिवाणू रोपाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात आणि खत घालूनही पाने पिवळी पडतात. ओलसर खत पिशवीत बांधून दोन-तीन दिवसांनी उघडले असता ते गरम लागले किंवा अमोनियाचा उग्र दर्प आला, तर ते अजून तयार नाही असे समजावे. केंद्राच्या 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी गुणोत्तर 20 पेक्षा कमी आणि विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, जास्तीत जास्त 4 डेसिसायमन प्रतिमीटर अशी मर्यादा आहे. ही मर्यादा शेतात पसरायच्या खतासाठी ठीक असली तरी बियाण्याच्या ट्रेमध्ये एवढे क्षार जाचक ठरतात. त्यामुळे कंपोस्ट किंवा गांडूळखत मिश्रणाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापुरते ठेवून उरलेला भाग कोकोपीट, भरड वाळू किंवा परलाइट यांनी भरणे शहाणपणाचे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, स्वतःच खारट असू शकतो, म्हणून तो आधी गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा लागतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर या धुण्याचा उपयोग उरत नाही.

घरात रोपे वाढवताना प्रकाशाच्या बाबतीत फसगत वेगळ्या कारणाने होते. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर माणसाला लख्ख वाटणाऱ्या खोलीत तो काहीशे लक्सच भरतो. डोळा हा फरक सहज पचवतो, पान पचवू शकत नाही. शिवाय लक्स हे माप मानवी दृष्टीवर बेतलेले आहे. वनस्पती 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते, आणि त्यात निळा व तांबडा भाग तिला विशेष उपयोगी पडतो. जांभळ्या प्रकाशाचे दिवे यामुळेच निघाले. पण रोपवाटिकेपुरता साधा पांढरा एलईडी पुरतो आणि त्याच्या उजेडात पानावरचा रोगही ओळखू येतो. दिवा रोपांपासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवून 12 ते 16 तास लावला तर रोपे ठेंगणी व दणकट होतात. तो छताला टांगला तर ती बारीक आणि उंच होऊन लवंडतात.

वनस्पतीला प्रकाश अन्नासाठी लागतो तसाच काळ ओळखण्यासाठीही लागतो, आणि याचा आरंभीचा सुगावा ज्या झाडांवर लागला त्यांत भांग होती. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा या संशोधकाने भांग आणि हॉप या वनस्पतींना दिवसाचे थोडेच तास उजेड दिला, तेव्हा त्या अकाली फुलल्या, आणि 1914 पर्यंत तो या निष्कर्षाला आला की दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणे अधिक महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी तो महायुद्धात मारला गेला. 1920 साली अमेरिकेत गार्नर व अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून हा नियम व्यापक करून त्याला दीप्तिकालिता हे नाव दिले. भारतात मात्र 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय भांगेचे झाड लावण्यास दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे, आणि घराच्या आत किंवा कुंडीत लावल्याने त्यातून सुटका होत नाही. धागा व बी यांसाठी शासन परवानगी देऊ शकते, आणि उत्तराखंडने तशी वाट काढली आहे.

रात्रीच्या लांबीचा हाच नियम शेवंतीत कायदेशीरपणे आणि चार पैसे मिळवून अनुभवता येतो. शेवंती लांब रात्रीची वनस्पती असल्यामुळे पॉलिहाऊसमधील उत्पादक तिला आधी हवी तेवढी उंची येईपर्यंत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून रात्र तोडतात, आणि मग काळे प्लास्टिक ओढून अंधार लांबवून ठरलेल्या सणाच्या सुमारास फूल मिळवतात. ड्रॅगन फ्रूटचे वागणे उलट असते: आखूड दिवसांच्या हंगामात रात्री दिवे लावून त्याला फुलवतात, आणि व्हिएतनाममध्ये हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. लासूरच्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 20 अंशांवर, वर्षातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत जेमतेम अडीच तासांचे अंतर असते, तरी जाती-जातींप्रमाणे कमी-अधिक संवेदनशील असलेल्या शेवंतीला ऋतू ओळखायला ते पुरते. म्हणूनच अंगणात रस्त्यावरचा दिवा थेट पडत असेल तर निरोगी, हिरवीगार शेवंतीही दिवाळी उलटून गेली तरी कळी धरत नाही, आणि माळी तिला उगाच खत बदलून पाहत राहतो. अशा वेळी सायंकाळी कुंडी उचलून भिंतीच्या आड नेणे, किंवा तिच्यावर जाड काळे कापड टाकून ते सकाळी न विसरता काढणे, एवढाच उपाय पुरतो.