पाळीव कुत्र्यांचे प्रशिक्षण व वर्तन-व्यवस्थापन

पाळीव कुत्र्यांचे प्रशिक्षण म्हणजे घरात माणसांबरोबर राहणाऱ्या कुत्र्याला इष्ट सवयी लावण्याची, तसेच त्याच्या अनिष्ट वर्तनाची कारणे शोधून ते आटोक्यात ठेवण्याची पद्धतशीर प्रक्रिया होय. शौचाची जागा ठरवणे, हाकेला येणे, पट्ट्यासह शांतपणे चालणे, काही काळ एकटे राहणे आणि मुलांशी व पाहुण्यांशी सौम्यपणे वागणे या बाबींचा त्यात समावेश होतो. पोलीस किंवा सैन्यदलातील कुत्र्यांचे प्रशिक्षण याहून वेगळे असले, तरी दोहोंमागील शिकण्याची तत्त्वे एकच आहेत. चावणे, सतत भुंकणे, घरात घाण करणे अशा तक्रारींमुळे अनेक कुत्री कायमची साखळीला जखडली जातात किंवा रस्त्यावर सोडून दिली जातात. यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ घरातील माणसांच्या विसंगत वागणुकीत असते व वेळीच लक्ष दिल्यास त्या टाळता येतात.

पार्श्वभूमी

भारतात कुत्रे पाळण्याची व शिकवण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'सारमेयविनोद' हे कुत्र्यांविषयीचे प्रकरण आहे. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात कारवानी ही सडपातळ, वेगवान शिकारी जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने तिला आश्रय दिल्यामुळे ती 'मुधोळ हाउंड' या नावानेही ओळखली जाते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत तिचा समावेश होता.

जातीचा मूळ उपयोग वर्तन समजून घेण्यास साहाय्यक ठरतो. कारवानी कुत्रा दृष्टीच्या आधारे शिकार करणारा असल्याने पळणारे मांजर, कोंबडी किंवा दुचाकी पाहताच तो पाठलाग करू लागतो. ही अवज्ञा नसून त्याची उपजत प्रवृत्ती असते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर अशा कुत्र्याचा पट्टा सोडणे धोक्याचे असते. धनगरांच्या कळपांबरोबर वाढणारी कुत्री राखणीच्या वृत्तीची असतात. फ्लॅटमध्ये ठेवल्यास तीच वृत्ती जिन्यातील प्रत्येक चाहुलीवर भुंकण्याच्या रूपाने प्रकट होते.

शिकण्याची तत्त्वे

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांना कुत्र्यांच्या पचनसंस्थेचा अभ्यास करताना असे आढळले की, अन्नाची पूर्वसूचना देणाऱ्या संकेतानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. यास अभिसंधान म्हणतात. पट्टा हातात घेताच कुत्र्याचे आनंदाने उड्या मारणे आणि दवाखान्याच्या दारात त्याचे थरथरणे, ही दोन्ही त्याचीच उदाहरणे होत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये साधक अभिसंधानाची मांडणी केली. तिच्यानुसार ज्या कृतीनंतर लाभ होतो ती कृती वाढते व जिच्यानंतर काहीच हाती लागत नाही ती हळूहळू लोपते.

घरातील बहुतेक 'वाईट खोडी' याच नियमाने पक्क्या होतात. जेवणाच्या वेळी भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करण्यासाठी भाकरीचा तुकडा टाकला, तर भुंकल्यावर भाकरी मिळते हा धडा तो शिकतो. घरातील चार जण दुर्लक्ष करीत असताना पाचवा अधूनमधून तुकडा टाकत राहिला, तर ती सवय अधिकच चिवट होते. कारण अनिश्चित अंतराने मिळणाऱ्या बक्षिसाने पक्के झालेले वर्तन सर्वांत उशिरा सुटते.

कुत्रा घरावर वर्चस्व गाजवू पाहतो, म्हणून त्याला दाबून ठेवावे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावर आधारलेला होता. डेव्हिड मेच या लांडगा-अभ्यासकाने ही संकल्पना आपल्या १९७० च्या ग्रंथातून लोकप्रिय केली; परंतु पुढे त्यांनीच १९९९ मध्ये दाखवून दिले की, निसर्गातील लांडग्यांचा कळप हा सामान्यतः आईवडील व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असतो. त्यामुळे कुत्र्याला उताणे दाबून धरणे, मानगूट पकडून हलवणे यांसारख्या उपायांना आज शास्त्रीय आधार मानला जात नाही. त्यांनी भीती वाढते व भ्यालेला कुत्रा चावण्याची शक्यताही वाढते.

पिल्लूपण व सामाजिकीकरण

पिल्लाच्या वयाचा सुमारे तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ असतो. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात या कालखंडाचे महत्त्व सविस्तर मांडले. या काळात परिचित झालेली माणसे, आवाज व वस्तू पुढे सहसा भीतिदायक वाटत नाहीत. आई व भावंडांपासून फार लवकर तोडलेले पिल्लू दातांचा जोर आवरायला पुरेसे शिकत नाही. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी खाली सोडू नये; मात्र तोवर त्याला घरात कोंडून ठेवण्याचीही गरज नसते. कडेवर घेऊन रंकाळ्याच्या काठची गर्दी, मंडईतला गोंगाट, रिक्षा, छत्री, लाठी घेतलेला वृद्ध माणूस यांची दुरून ओळख करून देता येते.

घरातील प्राथमिक शिक्षण

आज्ञाशब्द लहान, स्पष्ट व घरातील सर्वांचे सारखेच असावेत. एकाने 'बस', दुसऱ्याने 'सिट' आणि तिसऱ्याने 'खाली बस' म्हटल्यास कुत्र्याच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या आज्ञा ठरतात. मराठी घरांत 'बस' या शब्दाची आणखी एक अडचण असते. पाहुण्याला 'बसा' म्हटले जाते, 'आता बस झालं' असेही म्हटले जाते आणि प्रवासाचे वाहनही 'बस'च असते. शब्दाला हाताची ठरावीक खूण जोडल्यास हा गोंधळ टळतो. 'ये' म्हणून जवळ बोलावून शिक्षा केली, आंघोळ घातली किंवा औषध पाजले, तर कुत्रा त्या हाकेला येईनासा होतो. प्रशिक्षणाचे सत्र पाच-दहा मिनिटांचे, पण रोजचे असावे.

बक्षीस योग्य कृतीनंतर लगेच, क्षणा-दोन क्षणांत द्यावे लागते. उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनहाडाच्या चिकनचे बारीक तुकडे त्यासाठी पुरेसे असतात. रश्श्यातील शिजलेली हाडे तुकडे होऊन घशात वा आतड्यात रुतू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्याने कोल्हापूर-सांगली भागातील स्वयंपाकघरांत त्यांची विशेष काळजी घ्यावी लागते.

शौचाच्या सवयीसाठी पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाण्यानंतर व खेळानंतर ठरलेल्या जागी नेऊन, तेथे शौच झाल्यावर लगेच शाबासकी दिली जाते. घरात झालेल्या घाणीत त्याचे नाक घासल्याने त्याला कार्यकारणसंबंध कळत नाही. ते फक्त माणसांदेखत शौच करायला घाबरू लागते व कोपरे शोधते.

सामान्य वर्तनसमस्या

सुमारे चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येत असताना पिल्लू सापडेल ते चावते. चपला उचलून ठेवणे व चघळण्यास योग्य वस्तू देणे हा त्यावरील उपाय होय. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला ढकलले तरी त्याला तो खेळच वाटतो. त्याकडे पाठ फिरवून, चारही पाय जमिनीवर टेकल्यावर लक्ष दिल्यास ही सवय सुटते. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याचे भुंकणे व खणणे बहुधा व्यायामाच्या अभावातून येते. शांत कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला किंवा घरात लघवी करू लागला, तर शिकवण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. कान, दात, सांधे किंवा मूत्रमार्गाचे दुखणे अनेकदा वर्तनातूनच प्रथम दिसते.

देहबोली व चाव्याचा प्रतिबंध

कुत्रा क्वचितच पूर्वसूचनेशिवाय चावतो. तोंड फिरवणे, भूक नसता ओठ चाटणे, झोप नसता जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे व शेवटी गुरगुरणे अशा पायऱ्या सामान्यतः आढळतात. शेपटी हलणे ही नेहमीच आनंदाची खूण नसते. उंच व ताठ शेपटीची बारीक थरथर ताणाची द्योतक असू शकते. गुरगुरल्याबद्दल मारल्यास कुत्र्याची भीती जात नाही, फक्त इशारा नाहीसा होतो आणि पुढच्या वेळी तो थेट चावतो.

लहान मूल व कुत्रा यांना देखरेखीविना एकत्र ठेवू नये. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्र्याला हात न लावण्याची शिकवण मुलांनाही द्यावी लागते. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो; परंतु वेळीच घेतलेल्या लसीने टाळता येतो. पाळीव कुत्र्याचे नियमित लसीकरण हा वर्तन-व्यवस्थापनाचाही पाया होय.

सण व आपत्ती

दिवाळीतील फटाके व गणेशविसर्जन मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांमुळे अनेक कुत्री घाबरून घर सोडून पळतात. आतील खोलीत परिचित अंथरूण ठेवणे, खिडक्या बंद करणे, संध्याकाळपूर्वीच फिरवून आणणे आणि गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लावणे उपयुक्त ठरते. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे.

पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले. अशा वेळी पिंजऱ्यात शांत बसणे, मुसके घालून घेणे व अनोळखी माणसाने उचललेले सहन करणे या सवयी प्राण्याचा जीव वाचवू शकतात. पाणी दारात आल्यावर त्या शिकवता येत नाहीत. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून त्यात जेवण देत काही आठवड्यांत ही सवय लावता येते. निघताना कुत्र्याला बांधून मागे ठेवू नये.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे, अवाजवी आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे आणि योग्य कारणाशिवाय त्याला सोडून देणे हे अपराध आहेत. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये यासाठी पुरेशी दक्षता न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्याच्या वर्तनाची जबाबदारी कायद्याने अशा रीतीने मालकावर सोपवलेली आहे.