पंचांनी करायचे काय? कॅनडातील फ्रेंच पतपेढ्यांची हकीकत



या पत्रिकेत आम्ही शेतकी खात्यातील मंडळी एरवी बेणे, लावण, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी विषय निराळा घेतला आहे, पण तो उसापासून फार लांबचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतून येते आणि ऊसबिलातून परत जाते. त्या सोसायटीवर पंच म्हणून निवडून आलेले सभासद गट कार्यालयात आले की हमखास विचारतात, "साहेब, निवडून तर आलो, पण तिथं बसून आम्ही करायचं काय? सगळं तर सेक्रेटरीच करतो." प्रश्न वाजवी आहे. पगार नाही, बँकेचे शिक्षण नाही, दिवसभर शेतात राबून संध्याकाळी सभेला जायचे, आणि दुसऱ्याच्या पैशावर सही करायची. या माणसाचे नेमके काम कोणते?

कॅनडा देशातील क्वेबेक प्रांताच्या फ्रेंच भाषिक शेतकरी-कामगारांनी या प्रश्नाशी सव्वाशे वर्षे झटापट केली आहे. त्यांच्या पतपेढीला तिकडे 'केस पॉप्युलेर' म्हणतात. (हे केस डोक्यावरचे नव्हेत! फ्रेंच भाषेत केस म्हणजे पैशाची पेटी. लोकांची पेटी, असा सरळ अर्थ.)

कॅनडात इंग्रजी बोलणारे जास्त, पण क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणारे जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या लहान शेतकऱ्याची स्थिती आपल्या आजोबा-पणजोबांसारखीच होती. बँका शहरात, आणि त्याही व्यापाऱ्यांसाठी. चार पैसे ठेवायला गेला तर कोणी विचारत नसे, मागायला गेला तर मुळीच विचारत नसे. हिवाळा लांबलचक, हाती रोकड नाही, मग सावकार. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन गाव सोडून अमेरिकेत गेले. त्यातले पुष्कळसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला लागले.

या मुलखातल्या लेव्ही या गावी आल्फाँस देझार्दँ नावाचे गृहस्थ राहत. जन्म १८५४ चा. ते ऑटावा येथील संसदेत फ्रेंच भाषणांची लघुलिपीत नोंद घेण्याची नोकरी करीत. १८९७ साली एका खासदाराने सभागृहात सावकारीचे उदाहरण सांगितले. माँट्रियलच्या एका माणसाने १५० डॉलर कर्ज घेतले होते, आणि कोर्टाने त्याला व्याजापोटी ५००० डॉलर भरायला लावले. (आकडा छापण्यात चूक झालेली नाही.) ते ऐकून देझार्दँ अस्वस्थ झाले आणि त्यांनी युरोपातील पतपेढ्यांचा अभ्यास सुरू केला. हेन्री वुल्फ या इंग्रज लेखकाचे लोकबँकांवरचे पुस्तक वाचून त्यांनी वुल्फसाहेबांशी पत्रव्यवहार केला. याच वुल्फ यांनी पुढे १९१९ मध्ये भारतातील सहकारावरही पुस्तक लिहिले. म्हणजे त्यांचा आणि आपला गुरू काही अंशी एकच म्हणायचा.

६ डिसेंबर १९०० रोजी लेव्ही येथे शंभरावर लोकांनी एकत्र येऊन पेढी स्थापन केली. २३ जानेवारी १९०१ रोजी प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला. पहिली रक्कम आली १० सेंटची, आणि दिवसअखेर जमले २६ डॉलर ४० सेंट. भाग ५ डॉलरचा, पण तो आठवड्याला १० सेंट याप्रमाणे भरायची सोय होती. भाग कितीही असोत, मत एकच.

इथपर्यंतची हकीकत कुठल्याही सहकारी संस्थेच्या अहवालात शोभेल अशी आहे. आम्हाला खरे महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९०६ पर्यंत या पेढीला कायद्याचा आधारच नव्हता. पेढी बुडाली असती तर लोकांनी चालकांचे घरदार धरले असते. देझार्दँ वर्षातले बरेच महिने ऑटावाला नोकरीवर असत. मागे त्यांची पत्नी दोरिमेन बाई मोठ्या कुटुंबाचा संसार सांभाळून पेढीचे हिशेब बघत. उद्या काही बरे-वाईट झाले तर आपल्या मुलाबाळांचे काय, ही धास्ती त्यांना होती. शेवटी मार्च १९०६ मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने सहकारी संस्थांचा कायदा केला. सबंध देशासाठीही कायदा व्हावा म्हणून खटपट झाली. १९०८ साली तो खालच्या सभागृहात मंजूर झाला आणि वरच्या सभागृहात एका मताने पडला.

धास्तीत दिवस काढलेल्या माणसाने नियम केले म्हणजे ते कसे होतात ते पाहण्यासारखे आहे. देझार्दँ यांनी कारभार एका कमिटीच्या हाती दिला नाही, तीन ठिकाणी वाटला. पहिले संचालक मंडळ. धोरण ठरवणे, सभासद दाखल करून घेणे, व्यवस्थापकावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. दुसरी कर्ज समिती. कोणाला कर्ज द्यायचे हे तिने ठरवायचे. तिसरे देखरेख मंडळ. कधीही यावे, पेटी उघडायला लावावी, वह्या आणि तारण तपासावे. तिन्ही मंडळांवरचे लोक सर्वसाधारण सभेतून निवडलेले, आणि तिन्ही बिनपगारी. शेतकरी, दुकानदार, सुतार आणि बहुधा गावचा पाद्रीसाहेब.

आणि कळीचा नियम असा, की कर्ज समितीवर आणि देखरेख मंडळावर बसणाऱ्याला स्वतः त्या पेढीतून कर्ज काढता येत नसे.

हा नियम आमच्या गटातील काही पंचांना सांगितला तेव्हा एकजण पटकन म्हणाले, "मग पंच व्हायचं कशाला?" बाकीचे हसले, पण बोलणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. आपल्याकडे पंच थकबाकीदार झाला तर त्याचे पद जाते, पण त्याला कर्ज घ्यायची मनाई नाही, आणि पीककर्जाच्या सोसायटीत तशी मनाई करणे व्यवहार्यही नाही. शेती करणाऱ्यानेच पंच व्हायचे, तर त्याला पीककर्ज लागणारच. क्वेबेकचा नियम जसाच्या तसा उचलावा असे आमचे म्हणणे नाही. पण त्यामागची अडचण दोन्हीकडे एकच आहे, ती समजून घ्यावी.

पेढीचे कार्यक्षेत्र मुद्दाम लहान ठेवलेले असे, एका चर्चच्या हद्दीपुरते. का? तर कर्ज समितीवरचा माणूस मागणाऱ्याला ओळखतो. शहरातल्या बँकेला तारणाचा कागद कळतो, पण हा माणूस पहाटे उठतो की दुपारी, त्याची गाय दूध किती देते, दारूची सवय आहे का, हे शेजाऱ्यालाच ठाऊक. अर्जात कर्जाचे कारण लिहावे लागे, आणि ते कामाचे आहे की नाही हे शेजारी बरोबर ओळखत. मागण्या जास्त आणि पैसा कमी असेल तेव्हा लहान कर्जाला आधी मान, मोठ्याला नंतर, असाही दंडक होता. लेव्हीच्या पेढीचे कर्जात काही बुडाले नाही असे देझार्दँ सुरुवातीची कित्येक वर्षे अभिमानाने सांगत.

पण ओळख ही दुधारी असते. समजा, आपल्या गावचा एक सभासद कर्ज मागतो. दोन वर्षे त्याने पाटपाण्याची पाळी चुकवली आहे, उसाची नोंद एका क्षेत्राची आणि प्रत्यक्ष लावण निम्मी. हे पंचाला माहीत आहे, कारण तो त्याचा बांधकरी आहे. ही झाली ओळखीची उपयुक्त बाजू. पण तोच सभासद पंचाचा मेहुणा असेल तर? तेव्हा तीच माहिती पंच गिळून टाकतो. आणि त्या सभेत स्वतः पंचाचाही अर्ज असेल, तर "तू माझ्याला हो म्हण, मी तुझ्याला" हे तोंडाने बोलावेसुद्धा लागत नाही. म्हणून देझार्दँ यांनी हो म्हणणाऱ्याचे हात आधी रिकामे केले आणि वर तपासणारा वेगळा बसवला.

पेढ्या पसरल्या. देझार्दँ स्वतः गावोगाव फिरून, पत्रे लिहून त्या उभ्या करीत. १९२० मध्ये ते वारले तोवर एकट्या क्वेबेकमध्ये दीडशेवर पेढ्यांना त्यांचा हात लागला होता. अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच गिरणीकामगारांसाठीही त्यांनी मदत केली. न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे सेंट मेरी चर्चच्या लोकांनी २४ नोव्हेंबर १९०८ रोजी काढलेली पेढी ही अमेरिकेतील पहिली पतपेढी मानतात. ती सुरुवातीला एका वकिलाच्या राहत्या घरातून चाले.

इथे आपल्या देशाचाही संबंध येतो. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ साली भारतात आले असताना त्यांनी १९०४ च्या कायद्याखाली निघालेल्या खेड्यातील पतसंस्था पाहिल्या आणि ते प्रभावित झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०९ मध्ये पतपेढ्यांचा कायदा केला, त्यामागे एका बाजूला फायलीन आणि दुसऱ्या बाजूला देझार्दँ यांचा सल्ला होता. आपल्या १९०४ च्या कायद्यात ग्रामीण संस्थांची जबाबदारी अमर्यादित होती, एकाचे बुडाले तर सगळ्यांनी भरायचे. देझार्दँ यांनी मात्र मर्यादित जबाबदारी पत्करली. गरीब माणूस अमर्याद शब्दालाच घाबरेल, असा त्यांचा हिशेब होता.

एक उणीव मात्र त्यांना शेवटी शेवटी जाणवू लागली. देखरेख मंडळावरचा सुतार प्रामाणिक असेल, पण त्याला खतावणी वाचता येईलच असे नाही. गावातल्याने गावातल्याची वही तपासायची म्हणजे संकोचही आलाच. म्हणून सर्व पेढ्यांचा एक संघ असावा आणि त्याचे तपासनीस बाहेरून यावेत, असा आग्रह त्यांनी मृत्यूपूर्वी धरला. हयातीत ते झाले नाही. त्यांच्यामागे जिल्ह्या-जिल्ह्यांचे संघ निघाले आणि १९३२ मध्ये सबंध प्रांताचा संघ होऊन तपासणीला शिस्त आली. पुष्कळ पेढ्यांना ही तपासणी म्हणजे आपल्या कारभारात ढवळाढवळ वाटे. ऑडिटर आला की आपल्याकडे काही चेअरमन चेहरा करतात, तसेच ते!

आता आजची स्थिती. देझार्दँ यांच्या नावाने चालणाऱ्या या समूहाची मालमत्ता ४०० अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. पेढ्या मात्र घटल्या. एके काळी हजारावर होत्या, विलीनीकरण होत होत आता सुमारे दोनशे उरल्या. २००१ मध्ये प्रादेशिक संघही मोडून एकच संघ केला. कर्ज देण्याचा निर्णय आता पगारी, शिकलेले नोकर घेतात. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात अकेडियन म्हणवणाऱ्या फ्रेंच लोकांची पहिली पेढी १९३६ साली पेटी-रोशे येथे निघाली होती. तिथल्या पेढ्या तर जुलै २०१६ मध्ये एकाच मोठ्या संस्थेत विलीन झाल्या.

मग गावातून निवडलेल्या संचालकाला काम काय उरले? तिकडचेही सभासद हे विचारतात. उत्तर असे दिसते, की हो-नाही म्हणण्याचे काम गेले, विचारण्याचे राहिले. नफ्यातला किती वाटा गावच्या कामाला द्यायचा, शाखा बंद करायची का, सभासदाला काय अडचण येते, हे मंडळापुढे आणायचे. आणि व्यवस्थापकाने सांगितलेले खरे आहे का, ते बघायचे. हे शेवटचे काम किती अवघड झाले आहे ते जून २०१९ मध्ये दिसले. एका नोकराने सभासदांची खासगी माहिती बाहेर नेल्याचे त्या महिन्यात जाहीर झाले. सरकारी चौकशीत आढळले की हा प्रकार निदान २६ महिने चालू होता आणि सुमारे ९७ लाख लोकांची माहिती त्यात होती. हा दोष गावच्या बिनपगारी संचालकाचा म्हणता येणार नाही. माहिती मुख्य कचेरीत होती. पण पेटीला दोन किल्ल्या ठेवून भागत होते ते दिवस गेले. आता सेक्रेटरीच्या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे, हेही देखरेखीतच मोडते.

आपल्या गटातील नवीन पंचांनी पुढच्या मासिक सभेआधी सेक्रेटरीकडून तीन कागद मागून घ्यावेत. थकबाकीची नावनिशीवार यादी, मागच्या ऑडिटमधील दोषांची दुरुस्ती झाली की नाही त्याचा अहवाल, आणि मंजूर कर्जाचे क्षेत्र व कारखान्याकडील ऊसनोंदीचे क्षेत्र यांचा ताळा. पहिले दोन तुमच्या हक्काचे आहेत. तिसऱ्यासाठी नोंदीचा उतारा आमच्या गट कार्यालयात मिळेल. चिटबॉयकडे निरोप ठेवला तरी चालेल. आणि सभेत आपल्या घरच्याचा, भावकीचा किंवा स्वतःचा अर्ज आला तर उठून बाहेर बसावे, आणि तसे प्रोसिडिंगला लिहून घ्यायला सांगावे.

खोडव्यातील पाचट ठेवण्याविषयीचा राहिलेला भाग पुढील अंकी देऊ.