सर्व्हर भारतात, किल्ली कुणाकडे?

जुलै २०२५. गुजरातमध्ये वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीत ईमेल उघडेना, मायक्रोसॉफ्टचं ‘टीम्स’ही बंद. कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा, म्हणून युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. परवान्याचे पैसे पूर्ण भरले होते, भारत सरकारने ते निर्बंध मान्यही केले नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली.

सरकारी ‘एआय’च्या चर्चेत हा प्रसंग सतत डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

गैरसमज : डेटा भारतातल्या सर्व्हरवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : इमारत कुठे आहे याइतकंच ती चालवणारी कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याला बांधील आहे हे महत्त्वाचं. अमेरिकेच्या २०१८च्या ‘क्लाउड ॲक्ट’नुसार तिथल्या कंपनीच्या ताब्यातला डेटा तिथली तपास यंत्रणा रीतसर आदेश काढून मागू शकते, मग सर्व्हर नवी मुंबईत का असेना.

गैरसमज : सरकारने ‘एआय’साठी लागणारे हजारो जीपीयू (वेगवान गणनेची यंत्रं) उभे केले, आपण स्वावलंबी झालो.

वस्तुस्थिती : मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटींच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी मिळाली. उद्दिष्ट १० हजार जीपीयूंचं होतं. मे २०२५ मध्येच आकडा ३४ हजारांपुढे गेला. ही कामगिरी मोठी आहे, नवउद्योगांना आणि संशोधकांना स्वस्त दरात यंत्रं मिळताहेत. पण ही यंत्रं खासगी कंपन्यांची आहेत, सरकार वापराच्या भाड्यात सवलत देतं. आतल्या बहुतेक चिप एनव्हीडियाच्या, म्हणजे आराखडा अमेरिकेत आणि घडण प्रामुख्याने तैवानमध्ये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अशा चिपच्या निर्यातीवर देशागणिक मर्यादा घालणारा नियम काढला. सूट मिळालेल्या १८ मित्रांच्या यादीत भारत नव्हता. नियम लागू व्हायच्या दोन दिवस आधी मागे घेतला गेला, पण तो निर्णयही वॉशिंग्टनचाच होता.

गैरसमज : धोका फक्त युद्धकाळात, तोही लष्करालाच.

वस्तुस्थिती : २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात कित्येक दिवस नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळं कागदावर हाताने लिहून चाललं. ‘एआय’साठी आरोग्य, शेती, करांच्या नोंदी जितक्या एका जागी येतील, तितकी ती जागा शत्रूला मोलाची. समुद्राखालच्या इंटरनेट केबलचंही तसंच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळूखालून त्या आत येतात. खोल समुद्रात त्यांची जाडी बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी. उथळ पाण्यात जहाजाचा नांगर अडकला तरी तुटतात.

देशाकडे किती जीपीयू आहेत हे तुमचे खासदार अभिमानाने सांगतील तेव्हा त्यांना एवढं विचारा : परदेशातून एक आदेश निघाला, तर यातले किती दुसऱ्या दिवशी सुरू राहतील?