प्रत्युच्चार आणि आकलन

एका प्रसंगी शिकलेली गोष्ट दुसऱ्या प्रसंगी कितपत उपयोगी पडते, हा शैक्षणिक मानसशास्त्रातील एक जुना प्रश्न होय. यालाच अध्ययन-संक्रमण अशी संज्ञा आहे. थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये असे प्रतिपादन केले की, दोन कार्यांत जेवढे घटक समान असतील तेवढ्यापुरतेच हे संक्रमण घडते. परंतु समान घटक म्हणजे नेमके काय, हे निश्चित करणे सोपे नव्हते. या प्रश्नाचा बराचसा उलगडा पुढे शाळेच्या वर्गात न होता लष्करी वैमानिकांच्या प्रशिक्षणात झाला.

भंडारा जिल्ह्याला हा विषय वाटतो तितका परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी गोंदियाजवळ बिरसी येथे धावपट्टी बांधली, तेव्हा तो प्रदेश भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. युद्धकाळातील त्या धावपट्टीच्या जागी आज विमानतळ असून तेथे नागरी वैमानिकांना शिक्षण देणारी संस्थाही उभी राहिली आहे. ज्या मुलखात झाडीबोली बोलली जाते, त्याच मुलखाच्या आकाशात शिकाऊ वैमानिक ठराविक इंग्रजी वाक्यांत नियंत्रण-कक्षाशी बोलत असतात. या दोन भाषाव्यवहारांची तुलना अध्ययनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास तयार केलेले उड्डाण-शिक्षणाचे यंत्र दिसावयास खेळण्यासारखेच होते. लिंक यांच्या घराण्याचा वाद्यनिर्मितीचा व्यवसाय असल्यामुळे त्यात ऑर्गनचे भाते वापरले होते. शिकणारा आत बसला की वर झाकण पडे. त्याला आकाश दिसत नसे, जमीनही दिसत नसे. तरीही महायुद्धात असंख्य वैमानिक केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची विद्या यात शिकले. कारण उघड आहे. ढगात सापडलेल्या वैमानिकालाही बाहेरचे काहीच दिसत नाही; काटे वाचून हातापायांनी योग्य प्रतिसाद देणे एवढेच त्याचे काम असते, आणि नेमके तेवढेच काम हे यंत्र त्याच्याकडून करवून घेत असे. सारांश, साम्य देखाव्यात नसून प्रतिसादात होते. स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये यास आणखी एक मर्यादा जोडली: अशा यंत्रावरील पहिल्या तासांमुळे प्रत्यक्ष उड्डाणाचा जितका वेळ वाचतो, तितका नंतरच्या तासांमुळे वाचत नाही.

रॉबर्ट गान्ये यांचे कार्य या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधनशाळांत अनेक वर्षे काम केल्यावर १९६२ मध्ये त्यांनी एक अप्रिय निष्कर्ष मांडला. सराव, प्रबलन इत्यादी पाठ्यपुस्तकी तत्त्वे विमानावरील तोफखाना, उपकरणांच्या कळा क्रमाने चालविणे, बिघाड शोधणे यांसारख्या कामांत फारशी उपयोगी पडत नाहीत. कामाचे पृथक्करण करून त्याचे घटक ओळखणे व ते योग्य क्रमाने शिकविणे हेच निर्णायक ठरते. आज संगणकावरून चालणाऱ्या अध्यापनाची आखणी करणारे लोक गान्ये यांच्या अध्यापन-टप्प्यांचा वारंवार आधार घेतात. शिकणाऱ्याकडून कृती करवून घेणे व तिच्याविषयी त्याला लगेच कळविणे, हे त्यांतील दोन टप्पे. दूरस्थ पाठात बहुधा हेच दोन गळून पडतात.

विमानचालनात हे टप्पे भाषेतूनच पार पडतात. नियंत्रकाने दिलेली अनुमती वैमानिकाने उच्चारून परत सांगावयाची आणि ती बरोबर आहे की नाही हे नियंत्रकाने ऐकावयाचे, असा दंडक आहे. या प्रत्युच्चारात शब्द बदलून चालत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे दोन विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेच्या अनेक कारणांपैकी एक भाषिक होते. मार्गासंबंधीच्या अनुमतीत ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता. वैमानिकाच्या उत्तरातही तो संदिग्ध रीतीने आला, आणि विमान धावू लागले आहे हे नियंत्रकाच्या ध्यानात आले नाही. तेव्हापासून प्रत्यक्ष उड्डाणाची अनुमती देताना वा ती मागे घेतानाच हा शब्द योजावयाचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावयाचे, असा संकेत रूढ झाला.

येथवर उड्डाण-प्रशिक्षणाचा कित्ता शाळेने गिरवावा असे कोणासही वाटेल. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. वैमानिकाची शब्दावली मर्यादित व बंदिस्त असते, तिचा अर्थ आधीच ठरलेला असतो, आणि प्रत्युच्चारामागोमाग कृती घडते. शाळेत यांपैकी काहीच नसते. ओले कपडे का वाळतात, या प्रश्नावर ‘पाण्याचे बाष्पीभवन होते’ असे वाक्य जसेच्या तसे परत म्हणणाऱ्या मुलाला काय कळले, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही. उलट, साकोलीकडचा एखादा मुलगा ‘पानी’ उन्हाने उडून हवेत जाते असे आपल्या बोलीत सांगतो, तेव्हा त्याने शब्द टाकून अर्थ उचलला आहे, याचा पुरावा मिळतो. म्हणजे विमानात जो शब्दबदल दोष ठरतो, तोच वर्गात आकलनाची खूण ठरतो. ‘ण’च्या जागी ‘न’ ऐकून शिक्षक उत्तरच चुकीचे धरू लागला, तर तो नियंत्रकाची फूटपट्टी भलत्याच ठिकाणी लावत असतो.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ही अडचण उघडी पडली. त्या वर्षीच्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका मुलांना घरच्या घरी कृती करावयास लावणारी होती, ही तिची जमेची बाजू. तथापि दूरचित्रवाणीला कान नसतात. मुलाने काय उत्तर दिले हे तिला ऐकू येणे शक्य नव्हते. भ्रमणध्वनीवरील चाचण्यांची गोष्ट याहून निराळी. तेथे उत्तर मागितले जाते खरे, पण चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो, आणि ते चारही पर्याय प्रमाण मराठीत असतात. मुलाची बोली अशा चाचणीत कोठेच प्रवेश करीत नाही. त्यामुळे मूल चुकले तर ते विषयात चुकले की पर्यायाच्या भाषेत अडखळले, हे गुणांवरून ओळखता येत नाही. वैमानिकाच्या बाबतीत असा घोटाळा कोणी क्षणभरही खपवून घेणार नाही.

यावर उपाय महागडा नाही. पाठ संपल्यावर मुलाने तो आपल्या शब्दांत बोलून ध्वनिमुद्रित करावा व शिक्षकाने तो ऐकावा, इतके साध्या भ्रमणध्वनीवरही होऊ शकते. अवघड आहे ते ऐकणे. परजिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला झाडीबोलीतील उत्तराचा अर्थ लावता आला पाहिजे. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा जो अभ्यास केला आहे, तो आजवर बहुधा साहित्याच्या व बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीच वाचला. उत्तरे तपासणाऱ्या शिक्षकाच्या टेबलावर तो अद्याप पोहोचावयाचा आहे.